बेडकाचा चौथा कप्पा

सर,

तुमच्या डिसेक्शनच्या खोलीला आता स्टुडिओ म्हणतात. दारावर लाल दिवा बसवलाय, तो लागला की बाहेरच्यांनी आवाज करायचा नाही. भिंतींना काळा फोम चिकटवलाय, लांबलचक टेबलं उचलून नेली आणि तिथे एक गोल टेबल, दोन मायक्रोफोन आणि प्लास्टिकचं एक झाड आणून ठेवलंय. प्राणिशास्त्राच्या विभागात प्लास्टिकचं झाड, सर. फॉर्मलिनचा वास मात्र त्यांना घालवता आला नाही. तुमच्या बरण्याही कोपऱ्यातल्या कपाटात तशाच आहेत, कारण त्या कुठे आणि कशा फेकायच्या हे कोणालाच ठाऊक नाही. मी रेकॉर्डिंगला बसते तेव्हा समोरच्या बरणीत तो बेडूक असतो, पोट उघडलेला, दोन्ही हात वर. गेली काही वर्षं माझ्या वर्गात हात वर करणारा तो एकटाच आहे. मी त्याच्याकडे बघून बोलते, म्हणजे आवाज नैसर्गिक येतो, असं आमच्या कॉम्प्युटर विभागाच्या मॅडमांचं म्हणणं आहे.

तुम्हाला हे सगळं समजावून सांगायला हवं, कारण तुम्ही हे जग सोडलंत तेव्हा कॉलेजात टेलिफोन एकच होता आणि तोही प्राचार्यांच्या खोलीत, कुलूप लावलेला. आता असं आहे की मी त्या खोलीत बसून धडा बोलते, त्याला पॉडकास्ट म्हणायचं. तोच धडा लिहून चित्रांसकट इंटरनेटवर चिकटवायचा, तो ब्लॉग. आणि या दोन्हींना एक फीड जोडलेली असते. मुलांनी एकदा त्या फीडला नाव लावलं की मी काही टाकलं रे टाकलं की ते आपोआप त्यांच्या फोनमध्ये जाऊन पडतं, रतीबाच्या दुधासारखं. ते कोणी तापवतं का, पितं का, की पिशवी तशीच नासते, हे विचारायचं नाही. पोचलं की झालं. दर महिन्याच्या मीटिंगमध्ये प्राचार्य पडद्यावर आलेख दाखवतात, कोणाचं किती ठिकाणी पोचलं त्याचा, आणि माझी रेघ वर गेलेली दिसली की टाळ्या वाजतात. मुलं मला दुप्पट वेगाने ऐकतात. एकीने मला जिन्यात थांबवून कौतुकाने सांगितलं, "मॅम, टू एक्स पे आपकी आवाज बहुत क्यूट लगती है." मी तिला थँक्यू म्हटलं.

सुरुवातीला आमचं तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं. सकाळी पोहे-जिलबी, मग जाकीट घातलेला एक तज्ज्ञ. तो म्हणाला, "टीचर अब टीचर नहीं है, क्रिएटर है." पहिल्या रांगेतल्या सगळ्यांनी हे वहीत लिहून घेतलं. तीस-तीस वर्षं शिकवलेली माणसं, सर, आणि कोणालाही हसू आलं नाही. मी हात वर करून विचारलं की मुलांनी प्रश्न कुठे विचारायचे. तो म्हणाला, कॉमेंट बॉक्स आहे ना. तो कॉमेंट बॉक्स मी रोज उघडते. त्यात हात जोडलेली चित्रं असतात, 'नाइस मॅम' असतं आणि 'पीडीएफ मिलेगा क्या' असतं. गांडुळाच्या पचनसंस्थेवर मी चाळीस मिनिटं जीव तोडून बोलले होते, त्याच्याखाली एकाने 'हॅपी दिवाली' लिहून ठेवलंय. ते अजून तिथेच आहे.

आता तुमच्याबद्दल. तुमच्याबद्दल मला तेव्हा काय वाटायचं हे कधीतरी सांगून टाकायलाच हवं होतं. मला तुमचा तिटकारा होता. तो बारा महिने तेरा काळ एकच तपकिरी कोट, त्याच्या खिशावर खडूची पांढरी भुकटी, लांब बडा गणपतीच्या चौकाहून सायकल मारत यायचं आणि आल्यावर पँटीची क्लिप काढायला विसरायचं. तुमचे आजोबा संस्थानच्या दफ्तरात मोठे होते हे तुम्ही वर्षातून एकदा तरी सांगायचात आणि आम्ही बाकांखाली हसायचो. आणि तो तुमचा खेळ. प्रत्येक तासाला तुम्ही शिकवताना मुद्दाम एक चूक करायचात. कधी बोलण्यात, कधी फळ्यावरच्या आकृतीत. ती ज्याने पकडली त्याला कोरा अख्खा खडू मिळायचा आणि त्याच खडूने त्याने फळ्यावरची चूक दुरुस्त करायची. कॉलेजातल्या मोठ्या मुलांना बक्षीस म्हणून खडू. मला हा सगळा पोरकटपणा वाटायचा, आणि तरी माझ्याकडे खडूंनी भरलेला एक डबा होता, कारण मला त्यातला एकही दुसऱ्याला मिळालेला खपत नसे.

एकदा तुम्ही यायच्या आधी मी वर्गात तुमची नक्कल करत होते. खिसा पांढरा करून घेतला होता, खांदा तुमच्यासारखा पाडला होता, आणि नाकात बोलत, "सुनो, मच्छर जो काटता है वो नर होता है," असं म्हणून सगळ्यांकडे तुमच्यासारखंच भाबडं बघितलं. वर्ग हसून फुटायचा बाकी होता. आणि मग एकदम सगळे शांत झाले, कारण तुम्ही दारात उभे होतात. तुम्ही आत आलात, डस्टर उचललंत आणि माझ्याशी बोलायचात त्या मराठीत म्हणालात, "नक्कल तर अगदी फर्स्टक्लास करून राहिलीस गं. पण दारात कोण उभं राहणार?" मला वाटलं, तुम्हाला राग आलाय आणि तो तुम्हाला नीट काढता येत नाहीये. त्या तासाला मी मान वर केली नाही.

दाराचं सगळ्यांनाच माहीत होतं. तास संपायला पाच मिनिटं उरली आणि चूक कोणी पकडलेली नसली की तुम्ही फळा सोडून दारात जाऊन उभे राहायचात. घंटा होवो, पुढच्या तासाचे मास्तर येवोत, तुम्ही हलायचा नाहीत. "चूक अंदर है. जब तक अंदर है, कोई बाहर नहीं जाएगा." मग सगळे घाईने वह्या उलटायचे आणि कोणीतरी ओरडायचं. मी एकदा मुद्दाम गप्प बसले. चूक मला पहिल्या दहा मिनिटांतच कळली होती, पण सगळ्यांना ताटकळत ठेवायची मजा घ्यायची होती. घंटा झाल्यावर मी ती सांगितली आणि खडूसाठी हात पुढे केला. तुम्ही खडू दिला नाहीत. "तुला माहीत होतं ना? मग इतका वेळ चुप का बसलीस? तू शहाणी राहिलीस आणि बाकीच्यांच्या वहीत चूक राहिली, असं नाही चालत." पन्नास जणांसमोर. मी घरी जाऊन आईला सांगितलं की सर माझ्यावर जळतात.

आणि तो बेटम्याचा किस्सा. आमच्या वर्गातला एक मुलगा बेटमा गावाहून यायचा, त्याची बस असायची म्हणून तो तास संपायच्या आधीच मागच्या दाराने सटकला. त्याच्या वहीत त्या दिवसाची चूक तशीच गेली. दुसऱ्या दिवशी रविवार. तुम्ही धारला जाणारी बस पकडलीत, बेटम्याला उतरलात, विचारत विचारत त्याचं घर शोधलंत, आणि त्याची वही मागून एक ओळ खोडून खाली बरोबर ओळ लिहून परत आलात. त्याच्या वडिलांनी तुम्हाला हरभऱ्याच्या जुड्या बांधून दिल्या, त्या सोमवारी तुम्ही वर्गात वाटल्यात. पोरं हरभरा सोलून खात होती आणि तुमच्यावर हसत होती. सगळ्यांत जास्त मी. एका ओळीसाठी सुट्टीचा दिवस घालवणारा माणूस मला तेव्हा कीव करण्याजोगा वाटला. ज्याला दुसरं काही मोठं करता येत नाही तो असलं काहीतरी करतो, असं मी मैत्रिणींना म्हणाले होते.

पुढे मी याच कॉलेजात लागले तेव्हा तुम्ही निवृत्त झाला होतात. मला हजेरीपट मिळाला त्या आठवड्यात तुम्ही घरी आलात, खडूंचा एक नवा खोका घेऊन. चहा अर्धा ठेवून उठलात. आणि गंमत बघा, पहिल्याच तासाला मी एक चूक घुसवली. ठरवून नाही, तोंडातून आलीच. मग वर्षानुवर्षं तेच करत आले. दारातही उभी राहिले. मुलं मलाही मागे काहीबाही म्हणत असणार, म्हणोत.

पॉडकास्ट सुरू झाले तेव्हाही मी तो खेळ सोडला नाही. प्रत्येक एपिसोडमध्ये एक चूक, आणि आठवड्याच्या वर्गात ती दुरुस्त करायची. तेव्हा आठवड्यातून एक वर्ग उरला होता. मग एका सोमवारी प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, "मॅडमजी, कंटेंट तो पूरा डिलिव्हर हो रिया है, अब पीरियड की क्या जरूरत?" आणि माझे तास प्रवेश-अर्जांच्या छाननीला देऊन टाकले. त्याच आठवड्यात बेडकाच्या हृदयाचा एपिसोड गेला होता. त्यात मी सांगितलं होतं की बेडकाच्या हृदयाला चार कप्पे असतात. शाळेतल्या मुलाला माहीत असतं, सर, की तीन असतात. म्हणूनच ती चूक निवडली होती, अगदी सोपी, कोणीही ओरडावं अशी. बेडूक कापणं तर केव्हाच बंद झालंय, त्यामुळे आत डोकावून बघायची सोय नाही, माझा आवाज तेवढा आहे. मी वाट पाहिली. एक कॉमेंट, एक मेल, जिन्यात थांबवून 'मॅम, वो गलत है' एवढं तरी. महिना गेला. आलेखातली रेघ वर गेली, टाळ्या झाल्या. मग माझं डोकं फिरलं. म्हटलं, जे ऐकतच नाहीत त्यांना तीन काय नि चार काय, राहू दे चार. पुढच्या एपिसोडमध्ये दुरुस्ती करायला मला एक मिनिट लागलं असतं. मी ते मिनिट दिलं नाही. मला त्यांचा, त्या फीडचा, त्या प्लास्टिकच्या झाडाचा इतका तिरस्कार वाटत होता की चूक तिथे पडून राहिलेली मला बरी वाटायला लागली.

पण एक जण ऐकत होती. बेटम्याहूनच येणारी एक मुलगी. दुप्पट वेगाने नाही, थांबवून थांबवून, बसमध्ये, आणि घरी गेल्यावर पुन्हा, वही घेऊन. हे मला तोंडी परीक्षेच्या दिवशी कळलं. बाहेरगावचे परीक्षक आले होते, शेजारी मी. ती शेवटची. तिने वही पुढे केली, तर माझे सगळे एपिसोड शब्दन् शब्द उतरवलेले, शीर्षकांना हिरवी शाई, आकृत्या ब्लॉगवरून बघून काढलेल्या. परीक्षक खूश. तीन-चार प्रश्नांना तिने धडाधड उत्तरं दिली. मग ते घड्याळाकडे बघून म्हणाले, "चलो बेटा, आखिरी सवाल, एकदम आसान. मेंढक के दिल में कितने खाने?"

"तीन," ती म्हणाली. आणि तिने माझ्याकडे पाहिलं. क्षणभर तिच्या कपाळावर आठी पडली. "नहीं सर. चार."

"पक्का?"

"जी. चार."

परीक्षक खो खो हसले. "क्या केने! मेंढक को भी प्रमोशन दे दिया. किसने पढ़ाया बेटा?"

ती माझ्याकडे बघत होती. आता तिला कळलं होतं. चेहऱ्यावरून कळतंच की. शाळेत शिकलेलं तिने माझ्यासाठी खोडलं होतं, मॅडम म्हणतात म्हणजे काहीतरी नवीन शोध लागला असेल असं धरून. वही उघडी होती आणि तिथे 'तीन' लिहून, आडवी रेघ मारून, पुढे हिरव्या शाईने 'चार' लिहिलेलं मला दिसत होतं. ती म्हणाली, "सर, मैंने ही गलत लिख लिया होगा." वही मिटली आणि उठली. मी गुणांच्या कागदाकडे बघत गप्प बसून राहिले.

त्यानंतर ती कॉलेजात आली नाही. एम.एस्सी.चे अर्ज भरायची मुदत मंगळवारी संपतेय आणि यादीत तिचं नाव नाही. तिच्याबरोबर बसने येणाऱ्या मैत्रिणीला मी विचारलं. "मॅम, वो केती है सायन्स मेरे बस का नहीं है. घर पे बैठ गई. फोन से सारे एपिसोड भी हटा दिए." मी प्राचार्यांकडे गेले, सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अरे, तो एपिसोड डिलीट कर दो न, खत्म." केला डिलीट. पण जो आधीच फोनांमध्ये जाऊन पडलाय तो तिथेच आहे, तो परत बोलावता येत नाही. मग मी स्टुडिओत बसून दोन मिनिटांची दुरुस्ती रेकॉर्ड केली. 'पिछले एपिसोड में एक त्रुटि रह गई थी.' रह गई थी! जशी काही ती चूक आपली आपण चालत येऊन बसली होती. ती फीडवर टाकली, आणि मोकळी झाले असं स्वतःला सांगितलं. जिच्यासाठी टाकली तिने फीडच बंद केलीय, हे मला ठाऊक असताना. मीटिंगमध्ये मात्र माझं कौतुक झालं. 'क्वालिटी कंट्रोल' म्हणाले त्याला.

आज रविवार आहे, दुपारचे दोन वाजलेत. बेटम्याला जायला तासभरही लागत नाही. सकाळपासून मी साडी बदलून तयार आहे, खडूचा तुमचा खोका पर्समध्ये घातलाय, वेड्यासारखा. तीनदा पायऱ्या उतरून परत वर आले आणि मग हे लिहायला बसले. मोठ्या तोऱ्यात सगळ्यांची चामडी लोळवली, प्राचार्यांची, तज्ज्ञाची, पोरांची, तुमचीसुद्धा, आणि आता कळतंय की हेही तेच चाललंय. बोलते आहे मी, आणि ऐकणारा हात वर करू शकत नाही. म्हणून तर तुम्हाला लिहितेय. ती दार उघडेल, समोर उभी राहील आणि विचारेल, 'तेव्हा आपण काय केलंत मॅडम?', याची मला भीती वाटते.

कारण या पत्रातही एक चूक आहे. तुमच्या सवयीने मी ती वर घालून ठेवलीय आणि पकडायला कोणी नाही, म्हणून माझी मीच सांगते, घराबाहेर पडायच्या आधी. परीक्षक हसले तेव्हा मी गप्प बसले, असं लिहिलंय. मी गप्प बसले नव्हते, सर. तिच्याकडे बघून मीसुद्धा हसले होते.